‘फार्महाऊसवर दिला’ म्हणजे नेमका कुठे दिला?

प्रति,
मा. आयुक्त,
पनवेल महानगरपालिका, पनवेल.

महोदय,


गेल्या जूनमध्ये मी माझा कुत्रा देऊन टाकला. इतकं सरळ वाक्य लिहायला मला बरेच महिने लागले. शेजारणीला मी सांगितलं होतं, ‘मुलाकडे पाठवलाय.’ ऑफिसात सांगितलं, ‘भावाच्या गावी आहे, मजेत आहे.’ कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं विचारलं तेव्हा तर मी ‘फार्महाऊसवर दिला’ असंही बोलून गेले, आणि तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. त्याचं घर नेऱ्याच्या पुढे आहे.

मुंबईतल्या कितीतरी घरांत मुलांना सांगतात की आपला टॉमी आता पनवेलच्या फार्महाऊसवर राहायला गेला. तिथे मोकळी हवा आहे, पळायला जागा आहे. आम्ही मात्र इथलेच. गाढी नदीच्या कडेनं नेरे, वाजे, मालडुंग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोण राहायला आलंय ते आम्हाला दिसतं. वडापावच्या गाडीशी बसलेला एखादा लॅब्राडोर असतो. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, कानात गोचिडांचे घोस, गळ्यात पट्ट्याचा घट्टा पण पट्टा नाही. गावची कुत्री त्याला हद्दीत घेत नाहीत. कचऱ्यातून खाणं कसं शोधायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आणि रस्त्यावर कुठल्याही मोटारीचं दार वाजलं की तो उठून उभा राहतो.

मी तुमच्याकडे एक खिडकी मागते आहे. कुत्रा सांभाळणं खरोखर अशक्य झालेल्या माणसानं तोंड न लपवता यावं, कुत्रा सोपवावा, सही करावी आणि जावं, अशी खिडकी. कशासाठी, ते सांगायला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

बंड्या आमच्याकडे ऑगस्ट 2020मध्ये आला. टाळेबंदीत मुलगा घरात कोंडला होता, मी आठवड्यातून तीन दिवसच कामावर जात होते, आणि आम्हा दोघांनाही वाटलं की हे असंच चालणार आहे. एका ब्रीडरकडून बारा हजारांना पिल्लू घेतलं. ‘पंचेचाळीस दिवसांचं आहे, कागद मागाहून येतील.’ कागद आजवर आले नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकूच नये, ब्रीडरनं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी, असं सांगणारे नियम केंद्र सरकारनं 2017मध्येच केले आहेत, हे मला पाच वर्षांनी कळलं. पंचेचाळीस म्हणजे साडेसहा आठवडेही नाहीत. हिशेब मला येतो, मी बँकेत आहे. पण पिल्लू हातात असताना कोण हिशेब करतं?

पुढे काय झालं ते कुणीही सांगेल. गाड्या सुरू झाल्या. पनवेलहून सीएसएमटीला जायला लोकलला सव्वा-दीड तास, तेवढाच परतीला. मुलगा शिकायला परदेशी गेला. घरात राहिलो आम्ही तिघं, म्हणजे मी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि चौतीस किलोंचा बंड्या. लॅब्राडोर हा मुळात पाण्यात उड्या मारून शिकाऱ्यानं टिपलेले पक्षी आणून देणारा कुत्रा. त्याला दिवसाचे अकरा तास दिवाणखान्यात बसवलं तर तो सोफा उचकटणार नाही तर काय करणार? आईवर त्याचा जीव, आईचा त्याच्यावर. पण एका संध्याकाळी समोरून मांजर आडवं गेलं आणि बंड्यानं पट्ट्यासकट आईला ओढलं. मनगट मोडलं. दोष त्याचा नव्हता. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हातात तो पट्टा मी दिला होता.

तेवढ्यावर मी त्याला दिला नसता. दोन वेळा फिरवायला एक मुलगा ठेवला, निभावलं. मग जुन्या पनवेलमधली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. तीन वर्षं भाड्यानं राहायचं होतं. खांदा कॉलनीपासून कामोठ्यापर्यंत मी चौदा घरं पाहिली. विमानतळ येणार म्हणून भाडी आधीच आभाळाला टेकलेली. ते मी समजू शकत होते. पण प्रत्येक एजंट फोनवर शेवटी तेच विचारी. ‘ताई, माणसं किती? आणि पेट वगैरे नाही ना?’ एकानं तर मोठ्या मनानं सांगितलं, ‘मच्छी-मटण सगळं चालेल ताई, फक्त कुत्रा नको.’ सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं फेब्रुवारी 2015चं परिपत्रक आहे. मी ते छापून पर्समध्ये घेऊन फिरत होते. ते सोसायटीला दाखवता येतं. घरमालकाला काय दाखवणार? घर त्याचं, करारनामा त्याचा, आणि त्याच्यापाशी दुसरे सहा भाडेकरू रांगेत.

मग मी बंड्याचा फोटो ओळखीच्या ग्रुपांवर टाकला. ‘चांगल्या घरी मोफत देणे आहे.’ ही माझी सगळ्यात मोठी चूक होती, आणि ती रोज कुणीतरी करत असतं म्हणून सांगते. पहिल्या दिवशी सात फोन आले. त्यातल्या चौघांनी नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही, चावतो का हेही विचारलं नाही. पहिला प्रश्न एकच. ‘नसबंदी झालीये का?’ झाली आहे म्हटल्यावर ‘मग नको’ म्हणून फोन ठेवला. काय चाललंय ते मला चौथ्या फोनला कळलं. जातिवंत नर फुकट मिळाला तर पैदाशीला वापरायचा. मादी मिळाली तर आणखी बरं, वर्षाला दोन वेळा पिल्लं काढायची आणि ती आटली की तिलाही त्याच नेऱ्याच्या रस्त्यावर सोडायची. मी बंड्याची नसबंदी केली होती ती पशुवैद्यानं दटावलं म्हणून. माझ्या शहाणपणानं तो वाचलेला नाही.

त्याच आठवड्यात ओळखीचे एक गृहस्थ घरी आले. संकष्टी कधी चुकवणार नाहीत, मुंगीला साखर घालतील असे. चहा घेता घेता म्हणाले, ‘एवढा त्रास कशाला करून घेता? कर्जतच्या पुढे नेऊन सोडा. तिकडे हॉटेलं पुष्कळ, उपाशी नाही मरायचा.’ ते दुष्ट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझी सोय पाहताहेत. आणि खोटं कशाला सांगू, त्या रात्री मी नकाशात कर्जतचा रस्ता पाहिला.

कायदा काय म्हणतो तेही पाहिलं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960चा कायदा. त्याच्या कलम 11मध्ये, उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. कळंबोलीला एक्स्प्रेसवेवर चढून पुण्यापर्यंत जायचं तर मोटारीचा टोलच याच्या सहापटीहून जास्त होतो. म्हणजे कुत्रा टाकायला निघालेल्या माणसाला दंडापेक्षा रस्ता महाग पडतो. मला धाक वाटला नाही. लाज मात्र वाटली, आणि ती लाजच पुढे आडवी आली, ते सांगते.

नकोशी झालेली कुत्री घेऊन त्यांना नवं घर शोधून देणाऱ्या रेस्क्यूवाल्यांचा नंबर मला आमच्या पशुवैद्यांच्या मदतनिसानं दिला. परदेशात अनेक ठिकाणी ठरावीक जातीच्या कुत्र्यांसाठी असे गट असतात. लॅब्राडोरवाले लॅब्राडोर घेतात, हस्कीवाले हस्की. आपल्याकडे त्याचं रूप बहुतेक ठिकाणी एवढंच आहे: एक व्हॉट्सॲप ग्रुप, कुणाची तरी मोटार, आणि आधीच चार कुत्री असलेल्या एखाद्या टू-बीएचकेची बाल्कनी. बंगळुरूत ‘कूपा’ या संस्थेनं घरातून टाकलेल्या जातिवंत कुत्र्यांसाठी दत्तकाचं वेगळं केंद्रच चालवलं आहे. असं उदाहरण आपल्या देशात आहे, एवढं नोंदवून ठेवते.

नंबर मिळाल्यावर मी तो नऊ दिवस लावला नाही. तिकडून कुणीतरी विचारणार, ‘मग घेतलात कशाला?’ आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहाव्या दिवशी लावला. पलीकडची मुलगी माझ्या मुलाच्या वयाची असेल. तिनं तो प्रश्न विचारला नाही. विचारलं, ‘काकू, तुमच्याकडे किती दिवस आहेत?’

मग एक फॉर्म आला, चार पानी. वय, लशी, नसबंदी, जंतांचं औषध कधी दिलं. लिफ्टमध्ये कसा वागतो? फटाक्यांना घाबरतो का? मांजर पाहिलंय का? एकटा किती तास राहिलाय? आणि जाड ठशात एक प्रश्न: आजवर कुणावर गुरगुरला आहे का, दात लावले आहेत का, कुणाला, कधी, काय कारण झालं?

इथे माझं पेन थांबलं. बंड्या जेवताना कुणी जवळ गेलं तर गुरगुरायचा. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आलेल्या भाच्यानं त्याच्या ताटलीत हात घातला तेव्हा त्यानं मनगटाला दात लावले होते. रक्त आलं नव्हतं, पण वळ उठला होता. हे लिहिलं तर त्याला कोण घेणार? मी ‘नाही’ असं लिहिलं. रात्री झोप आली नाही. सकाळी फोन करून त्या मुलीला खरं सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं झालं सांगितलंत. आता लहान मुलांच्या घरी देणार नाही, आणि जेवताना दार लावून घ्यायला सांगू. हे लपवलं असतंत तर तो तीन महिन्यांत परत आला असता, कुणाच्या तरी मुलाला चावून. चावलेल्या कुत्र्याला मग दुसरं घर मिळत नाही.’

आयुक्तसाहेब, कुत्रा सोपवणं आणि कुत्रा टाकणं यात फरक तो हाच. टाकणारा माणूस कुत्र्याबद्दल त्याला ठाऊक असलेलं सगळं स्वतःबरोबर घरी परत नेतो. कुठल्या लशी झाल्या, कशाला घाबरतो, कुठल्या हाकेला येतो, कुणाला चावला. रस्त्यावर उभा राहतो तो नाव-गाव नसलेला चौतीस किलोंचा प्राणी. त्याला पकडणारा तुमचा माणूसही त्याच्याकडे भीतीनंच पाहणार, आणि त्यात त्या माणसाची काय चूक?

जातीनुसार रेस्क्यू कशाला, कुत्रा तो कुत्रा, असं मलाही वाटायचं. पण लॅब्राडोर देईल तेवढं खात राहतो आणि वजन वाढलं की कंबरेनं बसतो, हे ठाऊक असलेलं घर त्याला लागतं. जर्मन शेफर्ड एका माणसाला धरून असतो. माणूस सुटला की तो कधीकधी कित्येक दिवस अन्नाला तोंड लावत नाही आणि अनुभव नसलेला माणूस घाबरून जातो. बीगलला वासामागे जायचं असतं, फाटक उघडं राहिलं की गेलाच, आणि त्याचं विव्हळणं हे भुंकणं नसून शिकारी टोळीची हाक आहे हे शेजाऱ्यांना पटवता येत नाही. सैबेरियाच्या बर्फासाठी जन्मलेला हस्की आमच्या मे महिन्यात फरशीवर पोट टेकून धापा टाकतो. पगचं तर काय सांगावं? 2003मध्ये मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे चालला आणि देशभर पगांची मागणी वाढली. त्याचं नाक इतकं आत दाबलेलं असतं की उकाड्यात त्याला धड श्वास घेता येत नाही, हे जाहिरातीत कुणी कशाला सांगेल? इंग्लंडमध्ये कुत्र्यांच्या एका संस्थेनं 1978पासून एक घोषवाक्य लावून धरलं: कुत्रा जन्मभरासाठी असतो, नाताळापुरता नसतो. तिकडे जाहिरातीनं माणसांना थांबवायचा प्रयत्न केला, इकडे जाहिरातीनं पळवलं.

सोपवायचा दिवस रविवार होता. सूचना आधीच आल्या होत्या. त्याची चादर धुऊ नका, घरचा वास राहू द्या. सकाळी पोटभर खायला घालू नका, गाडीत ओकेल. रडायचं तर तो गेल्यावर रडा. मी सही केली तो कागद एका पानाचा होता: मालकी सोडते आहे, परत मागणार नाही, तीन महिने भेटायला येणार नाही. नव्या घरानं सही करायचा कागद मला दाखवला, तो माझ्याहून कडक होता. विकायचा नाही, साखळीला बांधून ठेवायचा नाही, नको झाला तर दुसऱ्याला न देता आमच्याकडेच परत आणायचा.

त्या मुलीनं खिशातून उकडलेल्या चिकनचा तुकडा काढला आणि बंड्या शेपटी हलवत तिच्या गाडीत चढला. मागे वळून पाहिलं नाही. सिनेमात पाहतात. आई गॅलरीत उभी होती, तिनंही ते पाहिलं. दुपारभर आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्द बोललो नाही, आणि मग आईच म्हणाली, ‘लबाड आहे मेला.’

मला पुण्यवान समजू नका. धर्मराजाचं उदाहरण मला आजवर तिघांनी दिलं, स्वर्गाच्या दारातही त्यानं कुत्र्याला सोडलं नाही म्हणून. खरं आहे. पण धर्मराजाला अकरा महिन्यांच्या करारावर घर शोधायचं नव्हतं.

आता लाजेबद्दल. 1863मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. 1875मध्ये पंढरपूरला बालकाश्रम निघाला. माणसाच्या लेकरांची आणि त्यांना टाकावं लागलेल्या बायकांच्या दुःखाची तुलना कुत्र्याशी करायला माझी जीभ रेटत नाही, आणि मी ती करतही नाही. मला त्यातली फक्त एक गोष्ट घ्यायची आहे. त्या मंडळींनी ओळखलं होतं की जीव जातो तो दुष्टपणानं कमी आणि लाजेनं जास्त. बाईला आणखी लाज देऊन मूल वाचत नाही, दार उघडून वाचतं. आज कुत्रा देऊ पाहणाऱ्याला प्राणिप्रेमी एवढं झोडपतात की त्याला रात्री दीडचा एक्स्प्रेसवे सोपा वाटतो. मला तो नऊ दिवस सोपा वाटला होता.

आणि अशी दारं आपल्याकडे नव्हती असंही नाही. 1832मध्ये मुंबईत सरकारनं भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा पारशी मंडळींनी दंगल केली, दुकानं बंद पडली, फौजेचा शिधा अडला. त्या असंतोषानंतर दोनच वर्षांनी, 1834मध्ये, भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. थकलेला बैल, म्हातारी गाय तिथे नेऊन देणाऱ्याला कुणी पापी म्हणालं नाही. पुढे 1874मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था निघाली, परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं इस्पितळ झालं. लंडनला 1860मध्ये सुरू झालेलं बॅटरसीचं श्वानगृह आजही मालकानं स्वतः आणून दिलेला कुत्रा घेतं, त्याची माहिती लिहून घेतं आणि नवं घर शोधतं. पांजरपोळ हा शब्द आपण बैलाला लावला आणि कुत्र्याच्या बाबतीत विसरलो, एवढंच.

महापालिकेनं यात का पडावं? ‘प्राणी जन्म नियंत्रण नियम, 2023’ दोन रकाने करतात. एक पाळीव, ज्याच्या लशी आणि नसबंदी मालकानं पाहायची. दुसरा रस्त्यावरचा, ज्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर येते. मालकानं गाडीचं दार उघडून कुत्रा उतरवला, त्या क्षणी तो माझ्या रकान्यातून तुमच्या रकान्यात येतो. पकडणं, नसबंदी, लस, सगळा खर्च पनवेलच्या करदात्याचा. नसबंदी न झालेला जातिवंत नर रस्त्यावर आला तर तुमच्या निर्बीजीकरणाच्या मोहिमेला तो एकटा किती मागे नेईल, ते तुमच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना मी सांगायला नको. तोच कुत्रा खिडकीवर आला तर माहितीसकट येतो, आणि फी भरून येतो.

हो, फी घ्या. माझ्याकडून घेतली असती तर मी दिली असती. बारा हजार ब्रीडरला दिलेच होते. महापालिका अधिनियमातल्या कलम 127नं कुत्र्यांवर कर बसवायची मुभा महापालिकांना दिलेली आहे. कुत्रा पाळायचा परवाना देतानाच पंधरा आकडी मायक्रोचिप बसवा, म्हणजे पुढे तो कुत्रा रस्त्यावर सापडला तर मालकाचा दरवाजा सापडेल. खिडकी उघडी असताना जो रस्त्यावर सोडेल त्याच्यावर मग खुशाल गुन्हा दाखल करा, मी टाळ्या वाजवीन.

सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025च्या आदेशानं रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायला प्रभागनिहाय जागा ठरवायला सांगितलं आणि 7 नोव्हेंबरच्या आदेशानं शाळा, इस्पितळं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला. त्या आदेशांवर लोक कडकडून भांडताहेत, त्यात मी पडत नाही. पण निवारे उभारायचेच आहेत तर आराखडा कागदावर असतानाच एक टेबल आणि दोन खुर्च्यांची जागा सोडा. आठवड्यातून एक दिवस, वेळ ठरवून. फॉर्म रेस्क्यूवाल्यांकडे तयार आहे. घरांची यादी त्यांच्याकडे आहे, पण जागा नाही, आणि पशुवैद्याचं बिल फिटत नाही. बंड्याला जागा व्हायला मला सात आठवडे थांबावं लागलं, कारण प्रतीक्षायादीत माझ्या आधी पाच लॅब्राडोर होते. सात आठवडे सगळ्यांपाशी नसतात. मी एजंटच्या हातापाया पडून ते मिळवले.

टेबलामागे कोण बसेल हे महत्त्वाचं. ज्याला कुत्र्यांइतकंच माणसांशीही बोलता येतं असा माणूस बसवा. कारण आलेल्यांपैकी काहीजण कुत्रा परत घेऊन जातील. ‘फार भुंकतो’ म्हणून आलेल्याला कुणी सांगितलं की याला दिवसातून दोनदा चाळीस मिनिटं चालवा, आणि ‘बाळ होणार आहे’ म्हणून आलेल्याला पशुवैद्यानं समजावलं, तर प्रश्न तिथेच मिटू शकतो. माझा मिटला नसता. तो घराचा होता.

एक आक्षेप खरा आहे. खिडकी उघडली की सगळे आणून टाकतील. पहिले काही महिने रांग लागेल, मला शंका नाही. त्यात कंटाळलेले असतील, पिल्लू मोठं झालं म्हणून आलेले असतील, मादी आटली म्हणून नोकराच्या हाती पाठवणारे ब्रीडरही असतील. या शेवटच्यांसाठी ओळखपत्राची झेरॉक्स घ्या आणि एकाच पत्त्यावरून तिसरा कुत्रा आला की त्या पत्त्यावर माणूस पाठवा. बाकीच्यांचं मला एवढंच दिसतं की ही रांग आजही आहे. ती नेऱ्याच्या रस्त्यावर लागलेली आहे, तिचे टोकन कुणी देत नाही.

बंड्याची खबर दर महिन्याला एका व्हिडिओनं येते. तीन महिने उलटून गेले, भेटायला परवानगी आहे, पण मी गेले नाही. तो संगमनेरकडे एका निवृत्त जोडप्याकडे आहे, डाळिंबाच्या बागेत. म्हणजे ‘फार्महाऊसवर दिला’ हे माझं खोटं शेवटी अर्धं खरं निघालं. कालव्यात उतरतो म्हणे. अडतीस किलोंचा झालाय, मी फोनवर त्या आजोबांना खाणं कमी करायला सांगितलं, त्यांनी ऐकल्यासारखं केलं.

भाड्याच्या घरी सामान लावताना त्याच्या वस्तू निघाल्या. खाण्याची न फोडलेली एक पिशवी, स्टीलच्या दोन ताटल्या, पावसात घालायचा पिवळा कोट, गोचिडांचा शाम्पू, नखं कापायची कात्री. तुमची खिडकी सुरू होईल त्या पहिल्या दिवशी हे सगळं मी तिथे आणून देईन, पावती नको. पट्टा मात्र आईनं तिच्या कपाटात ठेवलाय, तो तिच्याकडून मागायची माझी छाती नाही.

कळावे.

आपली,
जुन्या पनवेलची, तूर्त खांदा कॉलनीतली एक रहिवासी